उकिरड्याचं मोल आणि उचलणारे हात

 

आपल्यात म्हण आहे, उकिरड्याची दैना बारा वर्षांनी फिटते. आज मी उकिरड्याचाच इतिहास सांगणार आहे. उकिरडा म्हणताना मी सगळंच त्यात धरते: शेण, पालापाचोळा, चुलीतली राख, ताटातलं खरकटं, मोरीचं सांडपाणी आणि संडासातला मैलासुद्धा. नाक मुरडू नका, पुढे ऐका. या सगळ्यात खत आहे, जळण आहे, पाणी आहे, हे आपल्या लोकांना फार आधीपासून ठाऊक होतं. गाडी अडली ती दुसऱ्याच जागी. हे उचलायचं कुणी? गेल्या सव्वाशे वर्षांत ज्यांनी ज्यांनी या कामात डोकं घातलं, त्या सगळ्यांना शेवटी या प्रश्नापाशी यावं लागलं.

शेणापासून सुरुवात करू, कारण ते आपल्या हातातलं. १८८९ मध्ये इंग्रज सरकारनं व्होल्कर नावाचे शेतीरसायनाचे जाणकार हिंदुस्थानात पाठवले. इथली शेती कशी सुधारायची ते सांगा म्हणून. ते गावोगाव फिरले आणि १८९३ मध्ये त्यांचा अहवाल छापून आला. तेव्हा साहेबलोकांत एक बोलणं ठरलेलं होतं, की इथला शेतकरी अडाणी आहे, शेणासारखं खत चुलीत घालतो. व्होल्कर म्हणाले, तसं नाही. शेणाचं मोल शेतकऱ्याला पक्कं माहीत आहे, पण लाकूडच मिळत नाही तर तो जाळणार काय? जळणाची झाडं लावा, म्हणजे शेण आपोआप शेतात जाईल.

हे त्यांच्या आधी दहा वर्षं आपल्या जोतीरावांनी सांगून ठेवलं होतं. १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये ते लिहितात की जंगलखात्यानं गायरानं घेतली, गुरांना चरायला जागा उरली नाही, गुरं कमी झाली आणि मग खतही कमी झालं. डोंगरावरचा पाला, गवत, मेलेल्या जनावरांचे अंश कुजून त्यांचं सत्त्व पावसाच्या पाण्याबरोबर ओढ्यानाल्यांतून वाहून फुकट जातं, म्हणून सरकारनं आपले पोलीस आणि पलटणी लावून ताली, बंधारे घालावेत, असंही त्यांनी सुचवलं. वाहून जाणाऱ्या पाण्यातलं खत धरून ठेवायची गोष्ट हा माणूस तेव्हा बोलत होता.

पण व्होल्कर साहेबांच्या अहवालात एक गोष्ट फारशी दिसत नाही. शेण गोळा करणारी, गवऱ्या थापणारी, रचणारी, पावसाआधी झाकणारी आणि त्याच गवऱ्यांच्या धुरात डोळे चोळत भाकरी करणारी बाई. शेण शेतात जावं की चुलीत, हा मोठ्यांचा वाद होता. दोन्हीकडे पाटी हिच्याच डोक्यावर.

आता मैल्याकडे येते. त्याला आपल्या भाषेत नाव काय, तर सोनखत! एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पुण्या-नाशकाच्या नगरपालिका गावातला मैला गाडीनं बाहेर नेत, राखेत आणि केरात मिसळून सुकवत आणि शेतकऱ्यांना विकत. आधी लोक हात लावायला तयार नसत. पुढे मुठेच्या कालव्यावर ऊस आला, ऊस म्हणजे खादाड पीक, मग उसवाल्यांनी सोवळं बाजूला ठेवलं आणि हेच खत पैसे मोजून नेलं. पीक जोरदार येतं म्हटल्यावर विटाळ कमी झाला.

कमी झाला तो खताचा. ते भरणाऱ्या माणसाचा नाही. टोपली संडास असत तेव्हा. खाली टोपली किंवा डबा, मागून एक झडप, आणि त्या झडपेतून पहाटे मैला काढून डोक्यावरून नेणाऱ्या एका ठरावीक जातीच्या बाया आणि बाप्ये. पावसात टोपली गळायची, ती तोंडावर, अंगावर. खताला सोनं म्हणायचं आणि ते वाहणाऱ्याला शिवायचं नाही.

खरकट्याचंही तसंच. घरात उरलेलं, उष्टं, शिळं काय करायचं याची गावात जुनी सोय होती. ते खालच्या म्हटलेल्या जातींना वाढायचं आणि वर तो त्यांचा हक्क म्हणायचं. मेलेलं जनावर ओढून न्यायचंही त्यांनीच. अन्न वाया जाऊ नये म्हणून आपले पूर्वज किती जपत, असं कुणी गोडवे गायला लागलं की मला हे आठवतं. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लोकांना सांगितलं, मेलेल्या जनावराचं मांस खाऊ नका, उष्टे तुकडे घेऊ नका. गावाचा कचरा जिरवायची जी व्यवस्था हजार वर्षं चालली होती, ती एका जातीच्या लाचारीवर उभी होती, हे बाबासाहेबांनी उघड केलं. मैला उचलणं हे थोर काम आहे असं म्हणून ते त्याच लोकांकडून करून घेणाऱ्यांशीही त्यांचं पटलं नाही. मला वाटतं ते बरोबर होते. सोनं म्हटल्यानं ओझं हलकं होत नाही.

त्याच सुमारास इंदूरला एक वेगळं काम चाललं होतं. अल्बर्ट हॉवर्ड या इंग्रज शास्त्रज्ञानं १९२४ पासून तिथल्या शेतीसंस्थेत कंपोस्टची रीत बसवली. तिला इंदूर पद्धत म्हणतात. १९३१ मध्ये त्यावर पुस्तक निघालं. सगळीकडे हॉवर्ड यांचंच नाव घेतात, पण पुस्तकावर दुसरं नाव आहे ते यशवंत वाड यांचं. ते तिथे रसायनाचं काम बघत. पद्धत साधी: काडीकचरा, शेण, राख आणि गोठ्यातली गोमूत्र मुरलेली माती यांचे थर द्यायचे, पाणी मारायचं, तीनदा पलटी द्यायची, तीन महिन्यांत खत तयार. यात मला गोठ्यातली माती फार महत्त्वाची वाटते. आपण शेण जिवापाड जपतो आणि गोमूत्र नालीत सोडतो. नत्राचा मोठा वाटा तर त्या मूत्रातच असतो! गोठ्याच्या जमिनीवर माती पसरायची, ती भिजली की उचलून खड्ड्यात टाकायची, नवी पसरायची. याला एक पैसा लागत नाही. हॉवर्ड यांनी हे इथल्या शेतकऱ्यांकडे आणि चीनमधल्या जुन्या शेतीकडे बघून जुळवलं, आणि ते त्यांनी लपवलंही नाही. १९३५ मध्ये गांधीजी ही संस्था बघायला गेले होते.

आता कोकणात चला. रत्नागिरीचा तुरुंग, १९३२ साल. सीताराम पुरुषोत्तम पटवर्धन म्हणजे आप्पासाहेब पटवर्धन तिथे कैदी होते. त्यांनी मागणी केली, मला संडास सफाईचं काम द्या. तुरुंगाचा नियम आडवा आला: ते काम फक्त त्या जातीच्या कैद्यांचं. म्हणजे तुरुंगातही जात ठरवणार कुणी काय उचलायचं. आप्पांनी अन्न तोडलं. येरवड्याला गांधीजींना कळलं, त्यांनीही डिसेंबरात उपास धरला. सरकारनं विचार करू असं कळवलं तेव्हा तो सुटला. शिकल्यासवरल्या ब्राह्मण माणसानं झाडू मागितला आणि सरकार अडचणीत आलं, अशी ही घटना.

आप्पा पुढे तेवढ्यावर थांबले नाहीत, म्हणून त्यांचं मला कौतुक. कणकवलीला गोपुरी आश्रमात त्यांनी मेलेल्या गुरांचं कातडं कमावण्यापासून मैल्याच्या खतापर्यंत सगळं स्वतःच्या हातानं केलं, आणि कुणालाच मैल्याला हात लावावा लागू नये असे संडास करून बघितले. 'गोपुरी संडास' हे नाव जुन्या कार्यकर्त्यांच्या तोंडी अजून आहे. मुंबई सरकारनं १९४९ मध्ये बर्वे समिती नेमली ती सफाई कामगारांची स्थिती बघायला. डोक्यावरून मैला वाहणं बंद करा असं त्या समितीनं बजावलं. पण टोपली संडास बंद होऊन हातानं मैला उचलायला बंदी करणारा कायदा यायला १९९३ उजाडलं, आणि तो अपुरा पडला म्हणून २०१३ मध्ये दुसरा करावा लागला.

इथून गोष्ट गॅसकडे वळते. शेण किंवा मैला हवाबंद टाकीत कुजला की त्यातले जंतू मिथेन नावाचा जळणारा वायू सोडतात. मुंबईत माटुंग्याला बेघर कुष्ठरुग्णांसाठी १८९० मध्ये आश्रम निघाला होता. तिथल्या मैल्यातून निघणारा गॅस साठवून १८९७ च्या सुमारास दिवे लावले होते. ज्यांना गावानं बाहेर काढलं, त्यांच्या अंगणात देशातला हा पहिला उजेड पडला. मग कितीतरी वर्षं त्याकडे कुणी बघितलं नाही. १९३९ मध्ये दिल्लीच्या शेती संशोधन संस्थेत देसाईंनी शेणावर प्रयोग केले. १९५० च्या आसपास जशभाई पटेल यांनी लोखंडी टोपीची टाकी बनवली, तिचं नाव ग्रामलक्ष्मी. खाली विटांची विहीर, वर उलटा घातलेला लोखंडी हंडा. गॅस भरला की हंडा वर येतो, वापरला की खाली बसतो. खादी ग्रामोद्योग आयोगानं १९६० नंतर ही टाकी गावोगाव नेली.

व्होल्कर साहेबांपासूनचं भांडण इथे मिटलं, बघा. शेण जाळलं तर खत गेलं, शेतात घातलं तर जळण नाही. टाकीत घातलं तर गॅस चुलीला आणि स्लरी शेताला, नत्र शाबूत. हिशेब असा: एक किलो ताज्या शेणातून साधारण ४० लिटर गॅस. चार-पाच माणसांच्या घराला दोन घनमीटरची टाकी पुरते, तिला रोज ५० किलो शेण आणि तेवढंच पाणी. म्हणजे दावणीला चार-पाच जनावरं हवीत.

कळलं ना घोडं कुठे पेंड खातं ते? ज्याच्याकडे चार-पाच जनावरं, त्याच्याकडे टाकी. भूमिहीन बाई, एक शेळी असलेली विधवा, तिच्यासाठी ही ग्रामलक्ष्मी नव्हतीच. लोखंडी हंडा महाग, दरसाल रंग दिला नाही की गंजायचा. १९७८ मध्ये उत्तर प्रदेशात चीनच्या धर्तीवर घुमटाची जनता टाकी निघाली, १९८४ मध्ये तिच्याहून स्वस्त दीनबंधू. त्यात लोखंड नाही म्हणून गंजणं नाही. १९८१-८२ पासून केंद्र सरकारची मोठी योजनाही चालू झाली. तरी आपल्या भागात फिरताना गवत उगवलेल्या टाक्या मला दिसतात. विचारलं तर कुणी म्हणतं गुरं विकली, कुणी म्हणतं सिलिंडर आला, कुणी म्हणतं उन्हाळ्यात पाणी कुठून आणू. एका घरच्या वहिनी म्हणाल्या, "अनुदान यांच्या नावावर आलं, माहिती यांना दिली, शेण कालवायचं मी. नळी कुठे तुंबली ते मला कुणी सांगितलंच नाही." या एका वाक्यात टाक्या का बंद पडल्या याचं निम्मं उत्तर आहे.

आता देहूला या. तुकोबांचं देहू. १९५९ मध्ये तिथल्या सरकारी दवाखान्यात सुहास मापुसकर नावाचे तरुण डॉक्टर रुजू झाले. पोटात जंत असलेले रोगी रांगेनं यायचे. औषध दिलं की बरे व्हायचे आणि महिन्यानं परत हजर. डॉक्टरांना कळलं की रोग दवाखान्यात बरा होणार नाही, कारण गाव उघड्यावर बसतंय. त्यांनी संडास बांधायला लोकांना राजी केलं. पहिले बांधलेले संडास पावसात ढासळले. दुसरा कुणी असता तर बदली मागून मोकळा झाला असता. डॉक्टर तिथेच राहिले, वेगवेगळे नमुने बघत फिरले, पुन्हा बांधले, घराघरात जाऊन बोलले. हे वर्षांचं काम नव्हतं, दशकांचं होतं.

आणि मग त्यांनी संडास थेट गॅसच्या टाकीला जोडला. १९८० च्या सुमारास त्यांनी बसवलेल्या या टाकीला 'मलप्रभा' म्हणतात. मैला बसल्या जागेवरून नळीनं टाकीत जातो, कुणी बघत नाही, कुणी शिवत नाही. टाकीत हवा नसते आणि मैला बरेच दिवस तिथे मुरतो, त्यात रोगजंतूंचा मोठा भाग मरतो. ताजा मैला शेतात घातला तर जंताची अंडी भाजीवरून परत आपल्या पोटात येतात, म्हणून जुनं सोनखत धोक्याचं होतं. डॉक्टरला जंतच संपवायचे होते, तेव्हा या बाबतीत ते कडक होते. देहूला त्यांनी जी संस्था चालवली तिच्या नावात आप्पा पटवर्धनांचं नाव आहे. रत्नागिरीच्या तुरुंगातला धागा असा देहूत येऊन पोचतो. २०१७ मध्ये मापुसकरांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

आमच्या गटांत मलप्रभाचं सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला: "अगं बाई, संडासाच्या गॅसवर देवाचा नैवेद्य?" हसू नका, प्रश्न खरा आहे. मी सांगते, जाळ तो जाळ, वास नाही, काजळी नाही. तरी ज्यांच्या मनाला पटत नाही त्यांनी तो गॅस अंघोळीच्या पाण्याला वापरावा. सक्ती करून हे काम होत नाही, हे देहूच्या डॉक्टरांनीच दाखवलंय.

खरकट्याचा प्रश्न पुण्यात सुटला. वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. आनंद कर्वे म्हणजे इरावतीबाईंचे चिरंजीव आणि महर्षी कर्व्यांचे नातू. त्यांच्या 'आरती' या संस्थेनं विचार उलटा केला. शेण म्हणजे गाईनं आधीच पचवून सत्त्व काढून घेतलेला माल. मग जंतूंना चोथा कशाला, जेवणच घाला! शिळा भात, भाकरी, खराब पीठ, सडलेली फळं. त्यांच्या हिशेबानं दोन किलो कोरड्या पिठूळ मालातून जेवढा गॅस येतो, तेवढ्याला चाळीसेक किलो शेण लागतं, आणि शेणाला जिथे चाळीस दिवस तिथे हे दोन-एक दिवसांत. टाकी म्हणजे पाण्याच्या दोन प्लास्टिकच्या टाक्या, एकीत दुसरी उलटी. यासाठी संस्थेला २००६ मध्ये ॲशडेन हा विलायती पुरस्कार मिळाला. ओलं खरकटं घातलं तर गॅस कमीच मिळणार, कारण त्यात पाणी जास्त, हे लक्षात ठेवा. एका घराच्या खरकट्यात सगळा स्वयंपाक होणार नाही. पण खानावळ, आश्रमशाळा, मंगल कार्यालय जिथे गट चालवतो, तिथे हिशेब बसतो. जनावर नसलेल्या बाईला या गोष्टीत पहिल्यांदा जागा मिळाली, हे मला मोठं वाटतं.

सांडपाण्याचं थोडक्यात. मोरीच्या तोंडाशी अळू, केळ, कर्दळ लावायची रीत आपल्या आज्यांची. अलीकडे नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावानं घरोघर शोषखड्डे केले, उघडी गटारं संपवली, डास कमी झाले आणि पाणी जमिनीत मुरलं. मग बाकीची गावं बघायला येऊ लागली. एवढंच सांभाळा, मोरीच्या पाण्यात संडासाचं पाणी मिसळत असेल तर त्यावर कोथिंबीर, मुळा असं कच्चं खायचं काही लावू नका.

आता आपल्या दारातलं. बऱ्याच जणींकडे दोन खड्ड्यांचा संडास आहे. एक भरला की पाणी दुसऱ्याकडे वळवायचं आणि पहिला वर्ष-दोन वर्षं बंद ठेवायचा. उघडाल तेव्हा कोरडं, बिनवासाचं, कॉफीच्या भुकटीसारखं खत निघतं. फेब्रुवारी २०१७ मध्ये तेलंगणातल्या गंगादेवीपल्ली गावात केंद्राचे स्वच्छता सचिव स्वतः खड्ड्यात उतरले आणि फावड्यानं हे खत काढलं. फोटो सगळीकडे छापून आला. सचिव उतरले म्हणून बातमी झाली. पण सेप्टिक टाकीची गोष्ट अगदी वेगळी. तिच्यात विषारी वायू साठतो, आत उतरलेला माणूस दोन श्वासांत पडतो, त्याला काढायला गेलेला दुसराही पडतो. शहरांतून अशा बातम्या अजून येतात आणि मेलेल्यांची आडनावं वाचली की ती कोणाची असतात ते कळतं. सेप्टिक टाकीत कुणालाही उतरवायचं नाही, स्वस्तात तयार झाला तरी नाही. मशीनची गाडीच बोलवायची.

आमच्या वाडीत तीन घरांचे पहिले खड्डे आता दीड वर्षं बंद आहेत. दिवाळीनंतर उघडायचे ठरलंय. बैठकीत विचारलं, फावडं कोण धरणार? दोघी-तिघींनी एका घराकडे बघितलं, नेहमीच्याच घराकडे. तेव्हा आमच्या गटाच्या अध्यक्षबाई उठल्या आणि म्हणाल्या, "ज्याचा खड्डा त्याचं फावडं." पहिला खड्डा त्यांचाच आहे.